माझं पाणी चालायचं

बुलढाण्याची मोटर आमच्या दारासमोर थांबायची. थंडीत ती सकाळी हटून बसायची. ड्रायव्हर आधी हँडल फिरवायचा, मग तिला शिव्या द्यायचा आणि शेवटी बादली घेऊन माझ्याकडे यायचा.

"बुढी माय, गरम पाणी दे वं. इंजिन गारठलं."

इंजिनाच्या टाकीत माझं पाणी पडलं की मोटर सुरू व्हायची आणि हा मिशीवरून हात फिरवायचा.

एका सकाळी माझी पोर बाळंतपणात अडली. तिला दवाखान्यात न्यायचं होतं. तिला मोटरीत बसवलं आणि पाण्याची बादली घेऊन मी चढू लागले, तर हा आडवा आला.

"रांडमुंड बाई चढली का मोटर चालू होत नाही. तू खालीच राह्य."

"काऊन रे? माह्यं पाणी चालते, माहा पाय चालत नाही?"

मी त्याला ढकलून आत बसले. "आता माग पाणी!"

त्यानं बादली घेऊन पाणी टाकीत ओतलं. मोटर लगेच सुरू झाली. पोर सुखरूप बाळंत झाली.

दुसऱ्या सकाळी त्यानं माझ्या बसल्या जागेवर गोमूत्र शिंपडलं. मग तीच बादली घेऊन दारात उभा राहिला.

"बुढी माय, पाणी दे वं."

त्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही.