भिंगरीचा पहारा

कोपऱ्यावरच्या शिलाईवालीला सगळी गल्ली तोंडावर ताई म्हणायची आणि पाठीमागे भिंगरी. खोटं कशाला बोला, नाव शोभायचंच तिला. पँटची उंची कमी करायला द्या, दोन पाय दुमडून होईपर्यंत ही तीनदा उठणार. पण धाकटा भाऊ तुरुंगातून सुटून घरी आला आणि त्या दिवसापासून तर बाई मशीनवर टेकेचना.

धाकट्याने गॅरेजातल्या भांडणात एकाच्या डोक्यात पाना घातला होता. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. सहा वर्षं आत काढल्यावर, वागणूक चांगली म्हणून धाकट्याला थोडं आधी सोडलं. अटी रोखठोक होत्या. राहायचं बहिणीकडेच, दर सोमवारी चौकीत सही करायची, आणि हाताला काम हवं. काम सुटलं तर उरलेली शिक्षा भोगायला परत आत. आता अशा माणसाला काम देतं कोण? ताईने अख्ख्या बाजाराचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे बेकरीवाले काका कबूल झाले.

"आधी काय केलं ते त्याच्यापाशी," काका म्हणाले. "मला पीठ मळणारा हवाय."

इथवर बाईने सोनं केलं. पुढचं ऐका. पहिल्याच दिवशी ती अकराला डबा घेऊन बेकरीत गेली. एक वाजता चमचा राहिला म्हणून गेली. तीनला गेली ती काकांची एखादी पँट उसवली आहे का, ते विचारायला! आठवडाभर काकांनी सोसलं. मग हात पुसत बाहेर आले.

"ताई, राग मानू नका. मी तुमच्या भावावर नजर ठेवून नव्हतो हो. पण सख्खी बहीण दिवसातून तीनतीनदा येऊन बघते म्हटल्यावर आता मलाही वाटायला लागलंय, बघायला हवं की काय!"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली नाही. समोरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि तिथून बघितलं. आता या बाईला काय म्हणावं!

घरीही तीच तऱ्हा. धाकटा अंघोळीला गेला की ही दाराबाहेर. "झालं का रे?" "अगं, साबण तरी लावू दे," तो आतून हसून म्हणायचा. एकदा मात्र तो हसला नाही, नुसतं पाणी ओतत राहिला. ताईला ते कळलं, पण पाय दारापासून हलेनात.

मग तो गुरुवार उजाडला. धाकटा सहाला घरी यायचा. साडेसहा झाले, सात झाले, फोन लागेना. ताई धावत बेकरीवर गेली, तर शटर खाली. जुन्या गॅरेजापाशी जाऊन आली, बसथांब्यावर जाऊन आली. मन चिंती ते वैरी न चिंती. कुणी जुना दोस्त भेटला असेल, कुणी डिवचलं असेल, याने पुन्हा हात उचलला असेल. आणि मग जे कुणा वैऱ्यानेही केलं नसतं ते तिने केलं. सरळ चौकीत शिरली.

"साहेब, माझ्या भावाला इथे आणलंय का हो?"

हवालदाराने मान वर केली. "कोण भाऊ? काय केलं त्याने?"

"काही नाही हो. अजून घरी आला नाही, एवढंच."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! हवालदाराने वही उघडली, नाव शोधलं आणि दोन शिपाई घेऊन निघाला.

विचारत विचारत पोचले, तर धाकटा होता काकांच्या गोदामात. पीठ मळायचं मशीन बंद पडलं होतं, दुकान लवकर बंद करून दोघे जुनं दुसरं मशीन उचलून आणत होते. बाकीच्या कामगारांसमोर शिपायांनी त्याला भिंतीला लावलं, खिसे उलटे केले. निघालं काय? रुमाल आणि एक स्क्रू. शिपाई गेले. काकांनी धाकट्याच्या तोंडाकडेसुद्धा पाहिलं नाही. "आज घरी जा. उद्याचं उद्या बघू," एवढंच म्हणाले.

"चौकीत तू गेली होतीस?" घरात पाऊल टाकताच धाकट्याने विचारलं.

"गेले होते. जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"मग सहा वर्षं कशी काढलीस? तेव्हा तर मी महिन्यातून एकदा दिसायचो, तोही जाळीतून."

रडून काढली, असं ताई सांगणार होती. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"झोपायचे रे मी. सुखाने झोपायचे. तू कुठे आहेस ते मला ठाऊक असायचं."

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. भाऊ गजाआड आणि बहिणीला शांत झोप! शरमेने तिला मान वर करवेना.

धाकटा तिच्यासमोर येऊन बसला. "मग तुला झोप लागावी म्हणून परत जाऊ का मी?"

"वाटेल ते बोलू नकोस!"

"तर मग उद्या काकांकडे मी एकटा जाणार. ठेवतील नाहीतर हाकलतील. तू या दाराबाहेर पडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी ताई मशीनवर बसली ती बसलीच. दोनदा बोटात सुई गेली. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. सहा वाजले, सात वाजले. ती उठली नाही. खुर्चीची कड मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

सव्वासातला धाकटा आला. कोपरापर्यंत पीठ.

"उद्यापासून पहाटे चारला बोलावलंय," तो म्हणाला. "दुसरं मशीन माझ्याच हाती दिलंय."

परत कधी येशील, हे ताईच्या अगदी जिभेवर आलं. तिने ओठ मिटून घेतले.

"विचार, विचार," धाकटा म्हणाला. "पोटात दुखेल नाहीतर."

"नाही विचारत, जा!"

तो मोरीवर हात धुवायला वळला. "बाराला येईन. उशीर झाला तर फोन करीन."

हे त्याने आपणहून सांगितलं होतं. ताई तशीच बसली आणि मोठ्याने रडली.