बसकी गाडी

पाक सुरातिन माझ्या दुकानाच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा मला वाटलं, म्हातारा दार चुकला. माझं दुकान खेळांचं. पडद्यांवर शर्यतीच्या गाड्या, समोर खोटी स्टिअरिंगं, आणि कानठळ्या बसतील अशी ओरडणारी पोरं. त्यात हा नखांत ग्रीस भरलेला, काळ्या टोपीतला माणूस. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बु.

"बु रेत्नो, सेलोमिरिंगचं वळण कुठल्या यंत्रावर आहे?"

पोरांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मला रागच आला त्यांचा. उद्योग नसलेल्या या कार्ट्यांनी वोनोसोबो शहराकडून खाली उतरणारा आमचा घाट फूट न फूट मोजून खेळात उतरवला होता. कोबीची शेतं, चहाची टपरी, भाजी वाहायचा छोटा पिकअप, सगळं. सेलोमिरिंगचं वळणही, मधल्या खळग्यासकट. त्याच वळणावर पाक सुरातिनचा एकुलता एक लेक जारोत पिकअपसकट दरीत गेला होता. शेजारच्या सीटवर वागिनाह होती, आमच्याच गल्लीतली, बाजारातून घरी निघालेली. तीही गेली.

"कोपऱ्यातल्या," मी म्हणाले. "पण पाक, कशाला जिवाला त्रास?"

"बसतो जरा," एवढंच म्हणाले आणि बसले.

सुरातिनचं गॅरेज स्प्रिंगा आणि पाट्यांचं. गाडीच्या मडगार्डावर तळवा टेकवून दोनदा दाबायचे आणि कुठला शॉकअप मेलाय ते सांगायचे. पण त्यांचं नाव झालं ते गाड्या बसक्या करण्यात. आमच्याकडे पिकअप रस्त्याला पोट टेकवून चालला पाहिजे. उंच पिकअप घेऊन पोरगा मुलगी बघायला गेला तर मुलीचे भाऊ विचारतात, आजोबांची गाडी आणलीस का रे? मग पुढच्या स्प्रिंगेचा एखादा वेढा कापायचा, मागचा एक पाटा काढायचा. निम्म्या गावाच्या गाड्या सुरातिननी बसक्या केल्या होत्या, आणि सगळ्यात बसकी जारोतची. बाप लेकाच्या गाडीवरून हात फिरवायचा तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

आमच्यात जनाजा उचलायच्या आधी घरचा माणूस जमलेल्यांना विनवतो, याने कुणाला दुखावलं असेल तर माफ करा. लोक म्हणतात, माफ. जारोतच्या वेळीही सगळे म्हणाले. वागिनाहचा नवरा नुर्यादी तेवढा तोंड मिटून उभा राहिला. नंतर गावभर सांगत सुटला, पोरगा गाडी उडवत होता, माझी बायको मारली त्याने. मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा शपथेवर सांगत होता, वेग पंचेचाळीसच्या वर नव्हता. पण तो पडला जारोतचा मित्र. त्याचं कोण ऐकतो?

तेव्हापासून दर ईदेला जारोतची आई मुर्सिती नुर्यादीच्या दारात जाऊन उभी राहायची. लेकाच्या वतीने माफी मागायची. तो आतून कडी काढायचा नाही. ही डब्यातली केळ्याची वडी पायरीवर ठेवून परत यायची. सगळी गल्ली बघायची. असलं बघून मला नुर्यादीच्या टाळक्यात तोच डबा घालावासा वाटायचा.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. पंचेचाळीसच्या वेगाने ती गाडी त्या वळणातून सुखरूप सुटते का? सुटत असेल तर पोराने गाडी उडवली, हे नुर्यादीचं म्हणणं खरं. सुटत नसेल तर दोष दुसऱ्या कशाचा तरी. ते दुसरं काय, हे शोधायला सुरातिन रोज गॅरेज लवकर बंद करून माझ्याकडे येऊ लागले.

त्यांनी खेळातला पिकअप आधी जारोतच्या गाडीसारखा बनवून घेतला. पाटे, वजन, मागे कोबीची पोती, शेजारी एक माणूस. मग उतारावर काटा पंचेचाळीसवर धरून वळणात घालायचे. गाडी खळग्यात बूड आपटायची, पुढची चाकं पकड सोडायची आणि गाडी सरळ कठड्यावर जायची. पडदा क्षणभर काळा, मग पुन्हा उताराचं टोक. म्हणजे पोराचा दोष नाही, हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. मग कशाचा?

शॉकअप कडक करून पाहिले, मऊ करून पाहिले. हवा कमी, हवा जास्त. चाकांचा कल बदलला, नवे टायर घातले, ब्रेक बदलले. पोरं आधी चेष्टा करायची, "पाक, लायसन काढलंय का?" पुढे पुढे तीच त्यांना कॉफी आणून द्यायची. गाडी कठड्यावरच जात होती.

वर्षभर हे चाललं. काउंटरवरून मला एक दिसत होतं. पडद्यावर गाडीची मापं बदलायच्या पानावर सगळ्या ओळींना त्यांचा हात लागायचा, एक सोडून. गाडीची उंची. स्प्रिंगवाल्या माणसाने तीच ओळ सोडावी! काय ते मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. मूठ झाकलेलीच माणसाला बरी वाटते.

जारोतचा हजारावा दिवस जवळ आला. आमच्यात हा शेवटचा विधी. कबरीवर दगड बसतो, जेवण घालतात, त्यानंतर मेलेल्याच्या नावाने काही करायचं उरत नाही. मुर्सिती मला म्हणाली, "रेत्नो, नुर्यादी येतो म्हणालाय. मशिदीच्या किआईंनी समजावलं. आता तरी लेकराला माफ करेल ना गं?"

त्याच दिवशी दुपारी सुरातिन आले, बसले, आणि सरळ उंचीच्या ओळीवर गेले. कंपनीतून येते तेवढी उंची. तोच उतार, तीच पोती, तेच पंचेचाळीस. गाडी खळग्यात खाली गेली, वर आली आणि टपरीपाशी जाऊन पोचली.

त्यांनी पुन्हा चालवली. पुन्हा सुटली. मग उंची कमी केली, गाडी कठड्यावर. उंच केली, सुटली. किती वेळा ते करत बसले! शेवटी मीच जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

विधीला अंगणभर चटया होत्या. किआईंची प्रार्थना झाली, भाताचे डबे वाटले गेले. नुर्यादी कडेला बसला होता. सुरातिन उभे राहिले.

"माफी मागायची ती माझ्यासाठी," ते म्हणाले. "पोरगा पंचेचाळीसनेच होता. गाडी मी बसकी केली होती, म्हणून गेली. उंच असती तर दोघं घरी आली असती."

"अहो पाक, तो खेळ आहे!" कुणीतरी म्हणालं. म्हणणारच. बाहेर रस्त्यावर त्यांनीच कापलेल्या बसक्या गाड्यांची रांग उभी होती.

नुर्यादीने डबा खाली ठेवला. "उंच गाडी एकदाही कठड्यावर गेली नाही?"

"नाही."

"आणि बसकी?"

"दर वेळी."

नुर्यादी मुर्सितीकडे वळून म्हणाला, "वहिनी, पोराला माफ केलं. मनापासून."

आम्ही सगळे पुढच्या वाक्यासाठी थांबलो. सुरातिन तर हात जोडून थांबले होते. नुर्यादी उठला, चपला घातल्या आणि डबा तिथेच टाकून निघून गेला.

मुर्सिती रडेल म्हणून मी तिच्याजवळ सरकले. ती रडली नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला आजच कळलं?"

सुरातिननी टोपी काढून हातात घेतली.

"शंका कधीपासून होती?"

"दरीतून गाडी वर काढली तेव्हापासून," ते पुटपुटले.

"म्हणजे दर ईदेला मी त्याच्या दारात जात होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं," मुर्सिती म्हणाली. "मी तिथे माझ्या लेकाला खुनी म्हणून उभं करत होते, आणि तुम्ही मला जाऊ दिलंत."