उंबरठ्यावरचं मीठ

गव्हाणच्या काशीरामचं उभं आयुष्य मिठागरात गेलं. त्याची एक खोड पंचक्रोशीला ठाऊक होती. कुणाकडे जेवायला बसला की भाताला हात लावण्याआधी तो पानातलं मीठ जिभेवर ठेवायचा आणि ते कुठल्या आगरातलं हे सांगायचा. कुणी विचारलेलं नसलं तरी.

त्याचा मुलगा कमळाकर पनवेलला शिकला, मुंबईच्या गोदीत लागला आणि तिथून थेट जपानात, कोबे बंदरातल्या बोटींच्या कारखान्यात गेला. दुसऱ्याच वर्षी त्याला विषमज्वर झाला. परक्या मुलखात कोण कुणाचं? पण ज्या खानावळीच्या माडीवर तो राहायचा, तिची मालकीण इशीदाबाई एकवीस दिवस त्याला पेज भरवत राहिली. पत्रातून हे कळल्यापासून त्याची आई भामा एकच घोकत होती, "त्या बायच्या पाया पडल्याबिगर मी डोलं मिटायची नाय."

१९६३ साली कमळाकरच्या कंपनीच्या मालबोटीवर आईबापाची सोय झाली. काशीरामने गव्हाणच्या मिठाची पुरचुंडी बरोबर घेतली. परक्या मिठाचा भरवसा काय?

इशीदाबाई मायाळू, पण शिस्तीला कडक. कमळाकरने बंदरापासून घरापर्यंत आईबापाला सगळं पढवलं. चपला कुठे काढायच्या, आंघोळ कशी करायची. त्या बाईला आपल्या माणसांमुळे वाईट वाटू नये, एवढीच त्याला काळजी होती. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खानावळीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना बशीत मिठाची टोकदार रास ठेवली, आणि त्या आत वळल्या. काशीराम बाहेर आला. मीठ दिसल्यावर तो कसला थांबतोय! त्याने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. रास ढासळली.

"कमल्या, यो मीठ कच्चा हाय."

दारात इशीदाबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबा, काय केलंत हे!" कमळाकर धावत आला. " घराला दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात त्या ते."

"म्हंजे आपन मीठमोहऱ्या ओवालतो, तसाच ना?" भामाने कपाळावर हात मारला. "आनि तुमी तो खाल्लाव!"

काशीरामचं तोंड एवढंसं झालं. आलो कशाला आणि केलं काय! तो माडीवर गेला, पुरचुंडी घेऊन आला आणि उंबरठ्याशी उकिडवा बसला. मिठावर दोन थेंब पाणी शिंपडलं. चाळीस वर्षं मीठ ओढलेले हात ते. तळव्याच्या कडेने थोपटत त्याने दोन्ही बशांत राशी उभ्या केल्या. बाईंच्या राशींपेक्षा सरळ, टोकाला कणभर वाकडं नाही. मग त्याने देवळात टेकावं तसं उंबरठ्यावर डोकं टेकलं.

"बाय, माज्या पोराला वाचवलास तू."

हे जपानीत सांगायला कमळाकरने तोंड उघडलं, पण तो पहिल्याच शब्दाला अडखळला. तीन वर्षांत तो ती भाषा फाडफाड बोलायला शिकला होता; हे एवढं मात्र त्याला बाईंना कधी नीट सांगता आलं नव्हतं. इशीदाबाईंनी त्या राशी पाहिल्या, खाऱ्या पाण्याने भेगाळलेल्या काशीरामच्या टाचा पाहिल्या. त्याही गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी जमिनीला कपाळ लावलं. दोघांपैकी आधी कुणीच उठेना. बाहेर नाश्त्याला आलेली गिऱ्हाइकं खोळंबली.

भामाने पदर खोचला आणि नवऱ्याच्या खांद्याला हलकेच ढोसलं.

"सरा जरा. आता माजी पाली हाय."