नूरभाऊची काळी पिशवी

"पाय जळून राह्यला भाऊ."

"जळू दे. हात कुठी हायेत तुये?"

"पिशवीत."

"मग पाय तुया नाई. हातच तेवढे तुये. भर."

वारलूनं दात आवळले आणि पिशवीतल्या अंधारात बोटं पुढं सरकवली. नूर मोहम्मद त्याच्या पिंडरीवर पेटती बिडी टेकवून निवांत बसला होता, जसा काही ढोराले डाग देऊन राह्यला. कातडीचा वास आला. वारलूनं हात बाहेर काढले नाहीत.

"आता जमलं थोडंसं," नूर म्हणाला आणि तीच बिडी पुन्हा तोंडात धरली. "माया उस्तादानं मले सळई लावली होती. म्या त बिडीच लावली. नरम मानूस हावो म्या."

सन छप्पनचा उन्हाळा. आरमोरीहून सहा-सात कोसावर, वैरागडच्या पल्याडच्या जंगलात तीन माणसांचं हे बिऱ्हाड फाल्गुनापासून पडलं होतं. भैयाजी नागपूरचे. कॅमेरा त्यांचा स्वतःचा, कोण्या साहेबाकडून जुना घेतलेला. त्यांच्या डोक्यावर ना कंपनी, ना मालक. वाघाचं चित्र काढायचं आणि मुंबईत जो घेईल त्याच्या गळ्यात बांधायचं, असा त्यांचा धंदा. नूर मोहम्मद चांद्याचा. आधी फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा, आता भैयाजींची फिलम सांभाळायचा. आणि वारलू इथलाच, जंगलाच्या काठच्या गावचा धानवाला. साहेबलोकांच्या शिकारीत हाकारा करून गळा बसलेला. तो कॅमेऱ्याची तिपाई वाहायले म्हणून आला होता. तीन लाकडी पायांची ती तिपाई खांद्यावर घेतली की माणूस एका कुशीला वाकडाच चाले.

तिपाई वाहून वारलू कटाळला होता. त्याले पिशवी पाहिजे होती.

पिशवी म्हणजे दुहेरी काळ्या कापडाची, बिनगळ्याच्या सदऱ्यासारखी. वर चेन, बाजूले दोन बाह्या, बाह्यांच्या तोंडाशी घट्ट रबर. कॅमेऱ्यावर बसते ते मॅगझीन, चाललेली, म्हणजे चित्र उतरलेली, फिलम ठेवायचा रिकामा डबा आणि कोऱ्या फिलमचा भरलेला डबा, सारं आत टाकायचं, चेन लावायची, कोपरापर्यंत हात घालायचे आणि न पाहता जुनी फिलम काढून नवी भरायची. तिच्यावर उजेडाची चीर पडली की फिलम मेली. भैयाजींपाशी चालतं मॅगझीन एकच होतं, दुसरं मोडकं, हात बसवायपुरतं, म्हणून जंगलात दर खेपेले हा अंधारातला संसार मांडावा लागे. ज्याले तो जमे त्याले भैयाजी आपल्या ताटाजवळ बसवत. तिपाईवाला दूर बसे.

नूर शिकवायचा, पण मायेनं नाही. "फिलमची एक बाजू काचेवानी, एक बाजू खरबरी. कोनती कोनती सांग." वारलू चाचपे आणि चुके. नूर टपली मारे. "धान रोवून रोवून हाताचे खूर केले लेका. खुराले का समजते?" मग नूरनं त्याले टाचा घासायचा दगड दिला आणि एरंडीचं तेल दिलं. दोन महिने वारलूनं कुऱ्हाडीले हात लावला नाही. विळा धरला नाही. रोज रात्री तळवे घासून तेल चोळलं. घरी एक दिवस गेला तर बायको गुणाबाईनं त्याचा हात हातात घेऊन पाहिला आणि सोडून दिला.

"बाळंतिणीचे हात झाले तुमचे," ती म्हणाली. "आता रोवनीले मी जातो, तुमी घरी बसून वाती वळा."

गावात ही गोष्ट पोचायले दुपार लागली नाही. पारावरचे लोक त्याले 'वाती' म्हणून हाक मारू लागले. वारलू परत जंगलात आला तो घट्ट मनानं. आता हे नाही जमलं तर तोंड कुठं दाखवावं, हा प्रश्न होता. तिपाई घेऊन गावावरून जाणं त्याले आता होणार नव्हतं.

नूरची कसोटी साधी होती. तो एक बिडी पेटवे. ती संपायच्या आत मॅगझीन भरून पिशवीबाहेर आलं पाहिजे. वारलूले नेहमी अर्धी बिडी जास्त लागे.

बाकी गोष्टी नूर जाता-येता कानात टाकत असे. फिलमचे डबे मोहाखालच्या खड्ड्यात, ओल्या रेतीत पुरून ठेव, वर ओलं पोतं टाक, नाई त वैशाखात फिलम लोण्यावानी होते. काच सदऱ्यानं पुसली त तुये बोटं तोडीन, जुनं मलमल वापर. चाललेल्या डब्याले लाल दोरा बांध, नाई त तीच फिलम दुसऱ्यांदा भरशीन आणि वाघाच्या पाठीवर वाघ दिसन. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पिशवीची. "जमिनीवर टेकवायची नाई. गळ्यात ठेवायची, नाई त पेटीत. अना हात घालाच्या आधी उलटी करून तीनदा झटकायची. हे जंगल हाय बे, तुया बापाचं कोठार नाई."

पिंडरीले डाग बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वारलू दोघांच्या आधी उठला. नूरच्या उशाची पिशवी हळूच काढली, मोडकं मॅगझीन आणि वाया गेलेली फिलम घेतली आणि नाल्याकाठी दगडांच्या ढिगाआड जाऊन बसला. स्वतःच बिडी पेटवून समोरच्या दगडावर ठेवली. हात आत घातले. बोटं आज ऐकत होती. काचेची बाजू, खरबरी बाजू, फिलमची भोकं चक्राच्या दातांत बसत गेली. मॅगझीन बाहेर आलं तेव्हा दगडावर बिडीचं बोटाच्या पेराएवढं थोटूक अजून धुपत होतं.

त्याले हसू आलं. पुन्हा एकदा करून पाहावं म्हणून बसणार, तोच डेऱ्याकडून भैयाजींचा आवाज आला. पाणी पाहिजे होतं. पिशवी तशीच दगडांवर, चेन उघडी टाकून तो घागर घेऊन पळाला. पाणी आणलं, चूल पेटवली, तिपाई मचाणावर चढवली. ऊन चांगलं वर आलं तेव्हा पिशवीची आठवण झाली. धावत जाऊन चेन ओढली आणि पिशवी गळ्यात घातली. झटकायले थांबला नाही. झटकताना नूरनं पाहिलं असतं तर काऊन बाहेर काढली होती, हे सांगावं लागलं असतं.

"मायी पिशवी तुया गळ्यात कायले?" नूरनं विचारलंच.

"तुमचं ओझं हलकं करून राह्यलो."

"मोठा आला हलकं करनारा," नूर म्हणाला, पण पिशवी मागितली नाही.

नाल्याच्या डोहापाशी म्हशीचा एक बोदा बांधला होता. वाघासाठी बांधतात त्याले तिकडं गारा म्हणतात. गारा दोन दिवसांपासून ओरडून ओरडून मुका झाला होता. दहाच्या सुमाराले वाघीण आली. घाई नाही, दबकणं नाही, बाजारात येते तशी आली. बोद्याची मान धरली आणि बसून राहिली. बोदा पाय झाडत होता. बराच वेळ झाडत होता. भैयाजींचा कॅमेरा गोधडीत गुंडाळलेला, त्यातून खर्रखर्र तेवढी ऐकू येई. नूरनं वारलूच्या कानात म्हटलं, "लवकर मरू नये म्हन. फिलम पुरली पायजे."

फिलम संपली. बोदा संपला नव्हता.

मचाणाच्या मागं, झाडाच्या बुंध्याआड, पळसाच्या फांद्यांचा आडोसा केला होता. नूर आणि वारलू मॅगझीन घेऊन खाली उतरले. भैयाजी पायरीवर वाकून पाहत होते. नूरनं वारलूच्या गळ्यातली पिशवी घेतली.

"झटकली का?"

"झटकली."

नूरनं एक क्षण त्याच्याकडं पाहिलं. मग डोहाकडून वाघिणीनं हाडं फोडल्याचा आवाज आला आणि भैयाजींनी चुटकी वाजवली. नूरनं सामान आत टाकलं, चेन लावली, हात घातले.

जुनी फिलम अर्धी सुटली असेल. नूरचं तोंड एकदम वाकडं झालं. आवाज नाही. मानेची शीर तेवढी वर आली.

"काय झालं?" भैयाजी कुजबुजले.

"इंचू."

"मग?"

"आत हाय."

भैयाजींनी मागं वळून वाघिणीकडं पाहिलं, मग पिशवीकडं. "चालू ठेव," ते म्हणाले.

नूर वारलूले म्हणाला, "बाह्या धर. घट्ट. म्या वढलं तरी सोडू नको." वारलूनं दोन्ही बाह्या त्याच्या कोपरांवर आवळून धरल्या. दुसरा डंख त्याले हातातच कळला, नूरचं कोपर असं उसळलं. नूरनं हात ओढले नाहीत. डब्याचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग कोरी फिलम. मग मॅगझीनचं खटकन लागणं. घामाचे थेंब नाकावरून पिशवीवर पडत होते. मध्येच नूरचा अंगठा आत कशावर तरी जोरानं दाबला गेला आणि करकर झाली.

"झालं," तो म्हणाला. "काढ."

वारलूनं चेन उघडली. कापडाच्या घडीत लालसर, बोटभर विंचू चिरडलेला होता. काळा असता तर रात्रभर ओरडून सकाळी माणूस उठला असता. लाल विंचू काय करतो हे त्या मुलखात सांगावं लागत नाही.

भैयाजींनी आधी मॅगझीन पाहिलं, मग नूरचा हात. वारलूनं नूरच्या दंडाले दोरी आवळली. नूर झाडाले टेकून बसला आणि वारलूकडं पाहत राहिला.

"झटकली म्हनला तू."

वारलूनं दोरीची गाठ आणखी ओढली. वरून चुटकी वाजली. तो मॅगझीन घेऊन चढला.

आणखी अर्धा घंटा चित्र निघालं. वाघीण पोट भरून वेळूत गेली तेव्हा नूरले तीनदा उलटी झाली होती. अंग घामानं भिजलेलं आणि गार. श्वास घेताना छातीत हुक्का गुडगुडल्यासारखं होत होतं. गावाहून दाणागोटा घेऊन आलेल्या गाडीवान बापूजीनं बैल जुंपले आणि तणसीवर नूरले निजवलं. वारलूनंही चाकावर पाय ठेवला.

"तू कुठं?" भैयाजी म्हणाले.

"संगं जातो. धराले लागन त्याले."

"वाघीण संध्याकाळी परत येईल गाऱ्यावर. मॅगझीन कोण भरेल?"

वारलूचा पाय चाकावरच होता. बैलानं शेपटी हलवली. त्यानं पाय खाली घेतला.

नूरनं ते पाहिलं. त्याचे ओठ निळे पडत होते, तरी तो हसला.

"तुले पायजे होती नं पिशवी. घे." मग दम घेऊन म्हणाला, "उजव्या आंगठ्याचं नख काप. फिलमले ओरखडा पडते."

गाडी गेली.

संध्याकाळी वाघीण आली. वारलूनं मॅगझीन भरलं. पहिल्यांदा खरी फिलम, आणि कुठं अडकली नाही. रात्री भैयाजींनी त्याले आपल्या ताटाजवळ बसवलं. भात, आंबाडीची भाजी. त्यानं पोटभर खाल्लं. नंतर त्याले त्याचीच लाज वाटली, पण भूक लागली होती हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बापूजीची गाडी आली. रिकामी. बापूजीनं आधी बैलांले पाणी पाजलं, मग सांगितलं.

"आरमोरी दिसाले लागली होती जी. तोंडातून गुलाबी फेस आला अना सरला. तिथल्या मुसलमानांनी माती देली. चांद्याले त्याच्या बाईले सांगावा गेला."

"काई बोल्ला का?" वारलूनं विचारलं.

"बोल्ला नाई. दोनी हात पोटाशी जोडून धरले होते, असे." बापूजीनं हात धरून दाखवले, कोपरं अंगाशी, बोटं आत वळलेली. "म्या म्हटलं सोड भाऊ, मोकळा नीज. त मान हालवे. मातीत ठेवतानाई सरळ झाले नाई थे."

भैयाजींनी बिडी पेटवली.

"वारलू," ते म्हणाले, "पिशवी झटकली नव्हती का काल?"

बापूजी पाहत होता. वारलूच्या पिंडरीवरचा डाग अजून ओला होता, त्यावर माशी बसली. त्यानं ती हाकलली.

"नूरभाऊनंच झटकली होती जी," तो म्हणाला. "मायासमोर."

"मग नीट झटकली नसेल."

"नसन."

"सांगत असतो आपण लोकांना, आणि स्वतः विसरतो," भैयाजी म्हणाले. त्यांनी नाल्याकाठच्या झाडांची सावली पाहिली. "चल. वेळ झाला तिचा. भर."

वारलूनं गळ्यातली पिशवी काढली. उलटी केली, तीनदा झटकली. मग पुन्हा सुलटी करून तीनदा. बाह्यांत फुंकर मारली, शिवणीवरून बोट फिरवलं. अंगठ्याचं नख त्यानं रात्रीच दातानं कुरतडून टाकलं होतं, पार मासापर्यंत. सामान आत टाकलं. चेन लावली. भैयाजींची बिडी अर्धी राहिली होती.

त्यानं हात आत घातले आणि खरबरी बाजू शोधू लागला.