स्वभाव नम्र, अक्षर सुंदर

मी त्याच्याबद्दल एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. तरीही त्याची नोकरी मीच घालवली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि विज्ञानाच्या इतिहासातल्या पीएचडीसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज शास्त्रज्ञांची पत्रं वाचत होतो. कोणाला प्राध्यापक करावं, कोणाला नाकारावं, हे ते एकमेकांना खासगीत कळवत. झेरॉक्सच्या त्या गठ्ठ्यातून मी एकच गोष्ट नीट शिकलो. उमेदवार नको असला की ते त्याच्या सभ्यपणाचं कौतुक करत आणि विद्वत्तेबद्दल गप्प राहत. वाचणारा समजून जाई.

आमच्या विभागात जागा निघाली, तेव्हा माझाच एक जुना विद्यार्थी उमेदवार होता. पेठ तालुक्याकडचा, डोंगरात भात-नागली पिकवणाऱ्या घरातला. पूर्वी एका सहलीत मी एका गवताचं नाव सांगितलं, तेव्हा तो सगळ्या वर्गासमोर म्हणाला होता, "सर, हे गवत ते नाय. याला आमची गुरं तोंडसुद्धा लावत नाय." पुस्तक उघडलं, तर त्याचंच बरोबर. पोरं हसली. मीही हसलो, पण ते माझ्या मनातून गेलं नाही.

प्राचार्यांनी माझं गोपनीय मत मागितलं. मी लिहिलं, 'स्वभाव नम्र. अक्षर सुंदर. वेळेवर येतो.'

"विषयाबद्दल काहीच नाही?" त्यांनी विचारलं. "म्हणजे समजायचं ते समजू ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात रंगाचे नमुने तपासायला लागला. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचा, वाकून नमस्कार करायचा. सात-आठ वर्षं मी तो नमस्कार घेतला.

मग एका संक्रांतीला तो म्हणाला, "धाकटा भाऊ वनस्पतिशास्त्र घेतो म्हणतोय. मी नको म्हटलं. आमच्या घरात तेवढं डोकं नाही, सर. तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं लिहिलंत, ऑफिसातल्या क्लार्कनं दाखवलं होतं मला. तरी मी मुलाखतीत कमी पडलोच ना?"

म्हणजे मी फक्त नोकरी घेतली नव्हती, त्याचा स्वतःवरचा विश्वासही घेतला होता. आता बोलून त्याची गेलेली वर्षं परत येणार नव्हती, पण भावाची वाट अजून अडली नव्हती.

"ते पत्र चांगलं नव्हतं," मी म्हणालो. "तू माझ्यापेक्षा हुशार होतास. मला ते माहीत होतं, आणि नेमकं तेवढंच मी लिहिलं नाही. जागा त्यामुळे गेली. तू कुठेही कमी पडला नव्हतास. भावाला अडवू नकोस. आणि जमलं तर मला माफ कर."