परवान्याआधी आकडा नाही

आमच्या शेजारच्या काकांइतका परवानगी मागणारा माणूस जगात दुसरा नसावा. होटगीला रेल्वेत होते, तिथं सिग्नल पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. निवृत्त होऊन जुळे सोलापुरात आले तरी तसेच. स्वतःच्या घरात शिरतानाही "येऊ का?" विचारतात. काकू वैतागून "नका येऊ!" म्हणाल्या, तर खरंच पायरीवर बसून राहतात.

आमच्या कॉलनीच्या धर्मादाय संस्थेचे ते सचिव. संस्थेची एक अभ्यासिका आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, आणि घरात पुस्तक उघडायला कोपराही नाही. त्यामुळे अभ्यासिका म्हणजे माझं सगळंच. यंदा तिच्या छताचे पत्रे कुजले. निधी जमला नाही तर कुलूप लावायचं ठरलं, आणि माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर.

मग निधीसाठी तंबोला, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडत जायचा खेळ, ठेवायचं ठरलं. सगळे तिकिटं छापायला निघाले, तर काका आडवे. "परवाना आल्याबिगर एक आकडा पुकारायचा न्हाय!" अर्जही त्यांनीच लिहिला, तोही इतका प्रामाणिक, की 'लोकांकडून पैसे घेऊन नशिबाचा खेळ खेळवणार आहोत' असं सरळ लिहून मोकळे. ते वाचून परवाना देणारे अधिकारी स्वतःच चौकशीला आले. संस्थेची नोंदणी, हिशेब, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आता खेळ कसा असतो, जरा दाखवा."

काकांनी हात जोडले. "कसा दाखवू, सायेब? परवाना न्हाय की अजून."

"अहो, मीच सांगतोय ना!"

"तोंडी न्हाय चालत."

गेली अभ्यासिका, असंच वाटलं. साहेब एकदम खुर्चीत मागं रेलून हसले. "तुमच्यासारखा सचिव असल्यावर इथं जुगार कसला होतोय?" आणि त्यांनी परवान्यावर सही केली.

तंबोला झाला, पत्रे बदलले. तंबोलाच्या संध्याकाळी मी काकांसाठी एक तिकीट आणलं होतं. "पदाधिकाऱ्यानं खेळायचं न्हाय," म्हणत त्यांनी ते परत केलं आणि दाराशी उभे राहिले. पण आकडा पुकारला की ते हळूच पुढच्या माणसाच्या तिकिटात डोकावायचे, ओठ हलायचे.

"काका, मनात खेळताय व्हय?" मी विचारलं.

ते लहान मुलासारखे दचकले. मग अगदी हळू, माझ्याकडं न बघता म्हणाले, "चालंल का रं तेवढं?"