लंकाबाईचा उलटा टीव्ही

चिमाजी टीव्हीवाल्याच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं भगवंत.

निरगुडसरात वीस वर्षं कुणाचाही टीव्ही बिघडो, तो चिमाजीच्याच टेबलावर यायचा. मग समोर भगवंतानं दुकान थाटलं. नव्या चपट्या टीव्हीत म्हणे बोर्डातलं सॉफ्टवेअर बिघडतं, ते पेनड्राइव्हनं पुन्हा भरायचं. झालं! गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडं. चिमाजी सोल्डरगन हातात धरून बघत बसायचा आणि नुसता जळायचा. मेल्याचं हसणंसुद्धा त्याच्या डोळ्यांत खुपायचं.

पण बघून बघून त्यानं कामही उचललं. भगवंत टीव्ही आधी इन्व्हर्टरवर लावतो. भरता भरता लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला, आणि लोडशेडिंगचा काय भरवसा! मग पेनड्राइव्ह खोचतो, बटन दाबून धरतो, दिवा लुकलुकतो. हात्तिच्या, एवढंच व्हय!

एक दिवस लंकाबाई बिघडलेला टीव्ही घेऊन भगवंताकडं निघाली. टीव्ही लावला की पडद्यावर कंपनीचं नाव यायचं आणि तिथंच अडकायचं, आणि संध्याकाळी लेकीला बघायला पावणं येणार होतं. चिमाजीनं तिला भर रस्त्यात अडवलं. "मावशी, त्याच्या नादी लागू नका. वाट लावंल टीव्हीची. आणा इकडं."

टीव्हीचं मॉडेल सांगून त्यानं नारायणगावातून सॉफ्टवेअरची फाइल पेनड्राइव्हवर आणली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावला, बटन दाबलं. दिवा लुकलुकला, चित्र आलं, आणि आलं ते उलटं! मालिकेतली सासू डोकं खाली, पाय वर करून सुनेला झापत होती.

"अगं बया!" लंकाबाई ओरडली. "चिमाजी, सरळ कर की रं तिला!"

पुन्हा भरली, पुन्हा सासू उलटीच. लंकाबाई रडकुंडीला आली. गावभर शोभा होणार हे चिमाजीला दिसायला लागलं. शेवटी दातओठ खात त्यानं रस्ता ओलांडला.

भगवंत लगेच आला. त्यानं टीव्हीची पाठ खोलून आतल्या पडद्यावरचा बारीक नंबर वाचला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मॉडेल एक असलं तरी आतला पडदा येगळा असतो. फाइल ह्या नंबरावर घ्यायची. आन् आधी जुनी काढून ठिवायची, म्हंजे चुकलं तरी माघारी जाता येतं."

हे सगळं तो काउंटरमागं वाकून करायचा. रस्त्यापलीकडून ते चिमाजीला कुठून दिसणार?

भगवंतानं आपल्याकडची फाइल भरली. सासू सरळ झाली.

"बरं झालं बाबा तू आलास," लंकाबाई म्हणाली.

"न्हाई मावशी, सगळं चिमाजीभाऊंनीच केलं व्हतं. मी नुसतं शेवटचं बटन दाबलं."

आणि बाईला ते खरं वाटलं! तिनं गावभर चिमाजीचं कवतिक केलं. जो तो दुकानात येऊन पाठ थोपटून गेला. प्रत्येक थापेला चिमाजीचं काळीज करपत गेलं. भगवंतानं चारचौघांत लाज काढली असती, तर जन्मभर सुखानं शिव्या तरी देता आल्या असत्या.

रात्री जेवताना बायको गोजरबाई म्हणाली, "लई भला माणूस हाय वो भगवंत."

चिमाजीनं ताट सरकवलं. "तेच तर सोसंना!"